एफ-टू आणि आईचं विरजण

मंडळी, आज सकाळी आमचा ओव्हन बीप करायला लागला. स्क्रीनवर एफ-टू. मी कॅन्सल दाबलं, तो गप्प झाला आणि मी आंघोळीला गेले.

परत आले तर पुन्हा एफ-टू, आणि किचनभर करपल्याचा वास. ओव्हन बंद होता, तरी आतून तापत होता! नवऱ्याने गराजमधला ओव्हनचा ब्रेकर बंद केला आणि मॅन्युअल उघडलं. "एफ-टू म्हणजे प्रमाणाबाहेर तापलाय. रिले, म्हणजे आतला हीटर चालू-बंद करणारा स्विच, चिकटला असणार. अगं, दार उघडून तरी बघायचंस!"

आत दह्याचं भांडं होतं. थंडीत आपण सगळेच ओव्हनचा नुसता दिवा लावून त्याच्या उबेत दही लावतो, तसंच. हे विरजण आई इथे अमेरिकेत राहायला आली होती तेव्हाचं. आता आई नाही, पण रोज चमचाभर बाजूला काढून मी ते चालू ठेवलं होतं. काल रात्री मात्र होतं तेवढं सगळं या भांड्यातल्या दुधात घातलं.

"मॉम, इट्स जस्ट योगर्ट," लेक म्हणाली. मग माझ्याकडे बघून हळूच, "आजीचं?"

ब्रेकर अजून बंदच आहे. तरी मला बीप ऐकू येतोय. पहिल्याच बीपला दार उघडलं असतं तर?

इथे अल्फारेटा गावात तुमच्यापैकी काहींना मी विरजण दिलं होतं. कुणाकडे ते अजून चालू आहे का? चमचाभर पुरे.