श्रावणभर धरलेलं मौन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. फार मोठं काही आहे असंही नाही — कुणाला लुबाडलं नाही मी, कुणाचा संसार मोडला नाही. पण तुम्ही ऐकायला बसलाच आहात, तर सांगते. मधेच रडूबिडू येईल अशी काळजी करू नका. येत नाही.

मी एकदा जीभ टोचून घेतली होती. हसलात ना? हसा. सदाशिव पेठेत वाढलेली मुलगी, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची पहिली नोकरी, सकाळी कंपनीची बस — आणि जिभेत स्टीलची दांडी, वर-खाली एकेक गोळी. का? नीट सांगता येत नाही. नाक टोचलं की बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका येऊन हनुवटी धरून बघतात. जीभ तोंडात राहते. मला तेव्हा असं काहीतरी हवं होतं, ज्याची घरात कुणी चौकशी करणार नाही.

घरात त्या वर्षी नुसती चौकशी चालू होती. उन्हाळ्यात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. हात-पाय बरेचसे सावरले, वाचा गेली. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस. मी नोकरीला लागले तेव्हा म्हणाले होते, "कंपनी बसने घेऊन जाते म्हणतेस — परत आणून सोडायचंही त्यांच्या नियमात आहे का, बघून ठेव." असं बोलणारा माणूस पाणी हवं असलं की भांड्याकडे बोट दाखवायला लागला.

वाचा परत यावी म्हणून पेठेतल्याच एका मॅडमकडे त्यांना नेत होतो. त्यांनी घरी करायचा अभ्यास दिला होता. वाक्य मी सुरू करायचं, संपवायचं बाबांनी. "चहा आणि —" मी म्हणायची. बाबा डोळे मिटायचे, ओठ जुळवायचे, कपाळावर घाम यायचा, आणि मग कधीतरी "बि... बिस्कीट" यायचं. "कुलूप आणि —", "किल्ली". आईबरोबर ते हे करायचे नाहीत, चिडायचे. माझ्याबरोबरच करायचे. रोज संध्याकाळी बसमधून उतरून, पायऱ्या चढून, चपला काढते न काढते तोच ते खुर्ची सरकवून तयार असायचे. शब्द येत होते. हळूहळू, पण येत होते. हे लक्षात ठेवा.

जीभ टोचायला मला वैशालीने नेलं. ती यवतमाळची, माझ्याच टीममध्ये, राहायला वारजेला. तिने स्वतःची आधीच टोचली होती, त्यामुळे सगळं माहीत होतं. आधी डोकेदुखीची कसलीही गोळी घ्यायची नाही, रक्त थांबत नाही. दात घासून, गुळण्या करून जायचं. "अन् पोटभर जेवून घे बापा," ती म्हणाली, "मंग चार दिवस नुसतं आइस्क्रीम खाऊन राहशील." कॅम्पातल्या टोचणाऱ्या माणसाने चिमट्याने जीभ ओढून धरली, सुई आरपार घातली. वाटलं होतं तेवढं दुखलं नाही. दांडी मुद्दाम लांब घातली होती, सूज आली की जागा लागते म्हणून. संध्याकाळपर्यंत ती सूज आली. तोंडात दुसऱ्याच कुणाची तरी जीभ ठेवल्यासारखं वाटत होतं.

घरी आले तर आईने दारातच काहीतरी विचारलं. बोलले असते तर शब्द बोबडा आला असता — मी ओठांवर बोट ठेवलं. श्रावण नुकता लागला होता. आईचा दर श्रावणात काहीतरी नेम असतोच, कधी एकभुक्त, कधी मुकाट्याने जेवायचं. तिने माझ्याकडे पाहिलं, देवघराकडे पाहिलं. "मौन धरलंस? श्रावणभर?" तिनेच विचारलं, तिनेच उत्तर दिलं. मी फक्त मान हलवली. मग तिचे डोळे भरून आले. "ह्यांच्यासाठी?" मी पुन्हा मान हलवली.

बघा — खोटं बोलायला जीभ लागलीच नाही.

पुढचं सगळं आपोआप सोपं झालं. तिखट चालत नव्हतं, गरम चालत नव्हतं. आईला वाटलं, तेही सोडलंय. ती कौतुकाने गार दहीभात कालवून द्यायची, मिरचीशिवाय. जेवण झालं की मी बाथरूममध्ये जाऊन कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरायची, बर्फाचा खडा तोंडात धरून पडून राहायची. गोळीशी खेळायचं नाही, दातावर आपटायची नाही, दांडी काढायची नाही — भोक लगेच बुजतं. सगळं नीट पाळलं. एवढं नीट मी त्या घरात दुसरं काहीच करत नव्हते.

आणि बाबा? आईने त्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ माझ्याकडे बघत होते. संध्याकाळी मी आले, तर खुर्ची सरकवलेलीच होती. त्यांनी मला शेजारी बसवलं. मग स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं, माझ्याकडे दाखवलं, स्वतःकडे दाखवलं. तू नाही, तर मीही नाही. आईने अभ्यासाचं काढलं की तेच बोट. आम्ही दोघं गॅलरीत गप्प बसायचो. खूश होते ते — झटका आल्यापासून इतके खूश मी त्यांना पाहिले नव्हते.

इथपर्यंतचं मी चारचौघांत गंमत म्हणूनही सांगितलं असतं, कदाचित. अडलंय ते पुढे.

सूज आठवड्याभरात उतरली. मी बोलू शकत होते. कॅम्पात जाऊन दांडी बदलून आखूड घातली, मग तर काही कळलंही नसतं. ऑफिसात मी बोलतच होते — दिवसाचा अर्धा वेळ परदेशातल्या क्लायंटशी फोनवर. वैशालीबरोबर कँटीनमध्ये खिदळत होते. आईला वाटायचं, कॉम्प्युटरवरच्या माणसांना बोलावं लागत नाही. बस पेठेजवळ आली की मी तोंड मिटायची. आणि काय वाटायचं, सांगू? बरं वाटायचं. आज "चहा आणि —" नाही. आज तो घाम नाही, त्या ओठांची धडपड नाही, शब्द येईपर्यंत ताटकळत बसणं नाही. मला त्या संध्याकाळींचा कंटाळा आला होता. माझ्या बापाच्या बोलण्याचा मला कंटाळा आला होता, आणि मला एक पवित्र कारण सापडलं होतं. म्हणून मी श्रावणभर बोलले नाही. बाकी सगळं निमित्त.

श्रावण संपत आला तेव्हा मॅडमना दाखवायला गेलो. आईने मोठ्या अभिमानाने मौनाचं सांगितलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "वा. ज्यांना बोलतं करायचंय, त्यांच्यासमोर महिनाभर मौन. छान. पुढच्या वेळी देवाकडेच दाखवा यांना." आई बिचारी गोरीमोरी झाली. बाबांनी आईचा हात थोपटला आणि मॅडमकडे बघून मान हलवली — मुलीला काही बोलू नका, अशी. मला तेव्हा काय वाटलं? काही नाही. जीभ टाळूला लावून मी ती गोळी चाचपत होते.

श्रावण संपल्यावर आईने रीतसर उद्यापन केलं. मौनाच्या उद्यापनाला घंटा दान करतात. ती आणायला बाबा स्वतः निघाले — झटक्यानंतर पहिल्यांदाच आपणहून घराबाहेर. रविवार पेठेत दुकानदाराच्या चार-पाच घंटा वाजवून बघून त्यांनी एक पितळी निवडली, आणि आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळात ती टांगली. पुजाऱ्याला त्यांनी ती खूण केली. ओठांवर बोट. मग मी. मग ते.

त्या संध्याकाळी मी म्हटलं, "चहा आणि —" बाबांनी डोळे मिटले, ओठ जुळवले. मी थांबले, बराच वेळ थांबले. काही आलं नाही. ते हसले. दुसऱ्या दिवशीही नाही. बिस्कीट गेलं, किल्ली गेली. पुढे ते काही वर्षं होते, त्यात मोजके शब्द आले, माझं नाव त्यांत नव्हतं. महिना फुकट गेला नसता तर आलं असतं का? मॅडमना मी कधी विचारलं नाही. ती खूण मात्र त्यांची शेवटपर्यंत टिकली. घरी कुणीही आलं की आधी मला बोलावून घ्यायचे आणि ओठांवर बोट ठेवायचे. पाहुणे मला म्हणायचे, भाग्यवान बाप. मी चहा ठेवायला आत जायची.

लग्न ठरलं तेव्हा दांडी काढून टाकली. भोक बुजलं. आता जीभ बाहेर काढून दाखवली तरी तुम्हाला काही दिसणार नाही.

आई अजून त्याच घरात असते. मी गेले की आम्ही गॅलरीत बसतो. संध्याकाळी देवळात गर्दी असते, घंटा वाजत राहते, आणि आता तिला ऐकू कमी येतं तरी ही घंटा तिला बरोबर ऐकू येते. "आपली वाजली बघ," ती म्हणते.

मी "हो" म्हणते.