जीवखड्याचं वय

प्रयोगशाळेत करवतीवर पाणी सोडून दगड कापला, की ओल्या भुकटीचा वास सुटतो. काल मुरबाडकडच्या खोल बोअरमधून आलेला ग्रॅनाइट कापत होतो. आपल्या काळ्या कातळाच्याही खाली दडलेला हा पाया. त्यातल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांत किती युरेनियमचं शिसं झालंय, त्यावरून त्याचं वय काढायचं. तो वास आला आणि मी मनाने पुन्हा सापगावच्या नदीकाठी जाऊन उभा राहिलो.

बाबांच्या चितेला नुकताच अग्नी दिला होता. माझ्या खांद्यावरच्या मडक्याला काकांनी मागून खड्याने भोकं पाडली. गार पाणी पाठीवरून ओघळलं. मडकं फुटल्यावर तो जीवखडा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. मला रडू येत नव्हतं. मी खडा उलटा करून पाहिला. साधा काळा बेसॉल्ट. यात झिरकॉन मिळायचा नाही, आर्गॉनवरून बघावं लागेल, वय निघेल साडेसहा कोटींच्या आसपास. एवढंच डोक्यात आलं.

"दगडाला काय निरखतोस रे?" काका हळूच म्हणाले. "आता त्यो दगड नाय, तुजा बाप हाय."

मी मूठ मिटली. मागून कुणीतरी विचारलं, "वय काय व्हतं?"

मी काकांकडे बघितलं, काकांनी माझ्याकडे.

"असंल साठ-पासष्ट," ते म्हणाले.

दहाव्याला खडा त्याच नदीत सोडला. बाबांच्या वयाचा नुसता अंदाज सांगितला, हे तेव्हा खटकलंसुद्धा नाही.

या ग्रॅनाइटचं वय महिन्याभरात कळेल. ते किती इकडेतिकडे होऊ शकतं, हेही मी लिहीन. बाबांचं विचारायला आता काकाही नाहीत.