चौकीची काच

माझ्या मामाला अख्खं गाव तुकडेमामा म्हणतं. चाळीस वर्षं लोकांच्या खिडक्यांना काचा बसवल्या, आणि नाव पडलं ते फुटक्या काचांवरून. त्याचा एक नेम आहे. जुन्या काचेचे तुकडे हातात आल्याशिवाय तो नवी काच कापत नाही. चौकट सरळ असते असं ज्याला वाटतं त्याने खुशाल टेपने माप घ्यावं, म्हणतो. तो सगळे तुकडे गोणपाटात बांधून आणतो, टेबलावर जुळवतो, वर नवी काच ठेवतो आणि काच कापायचा हिरा फिरवतो. एकदा कापलेली काच परत तासावी लागली, असं मी बघितलेलं नाही. बरं, काम झाल्यावर तुकडे टाकून द्यावेत की नाही? तर तेही नाही. कुणाचं घर, कुठली खिडकी, हे खोक्यावर लिहून माळ्यावर. मामी म्हणते, मी घरात नांदतेय की भंगारात, ते मला अजून कळलेलं नाही.

मी त्याची भाची. आई गेल्यापासून त्याच्याच दुकानात आहे. लांबी मळायचं काम माझं. काच बसली की चौकटीच्या बाहेरच्या अंगाला कडेकडेने जो मऊ लगदा लावतात, ती लांबी. मी तोंडाने फटकळ, आणि मामा मुलखाचा भित्रा. पावती मागायलासुद्धा त्याला घाम फुटतो. म्हणून तर ही गोष्ट सांगावीशी वाटते. जन्मजात शूर माणसाचं काय कौतुक करायचं?

गावाबाहेर लष्कराची छावणी आहे. एका पहाटे बंडखोरांनी तिच्यावर हल्ला केला, आणि त्याच दुपारी मामाला बोलावणं आलं, की छावणीच्या काचा फुटल्यात, ताबडतोब या. चार दिवस तो तिथे राबला. फाटकाजवळच्या पहारेकऱ्याच्या चौकीची काच सगळ्यात मोठी, गुडघ्यापासून पार डोक्याच्या वर जाणारी. तुकडे उकिरड्यावर टाका, असं तिथल्या हवालदाराने बजावलं. मामाने मान डोलावली आणि सवयीने गोणपाटात बांधून घरी आणले. खोक्यावर लिहिलं, ‘चौकी, आतल्या आवाराकडची खिडकी’.

मग दोन्हीकडच्या कहाण्या सुरू झाल्या. लष्कर म्हणे, आम्ही त्यांना कुंपणापाशीच अडवलं, एकही आत आला नाही. आमची बारा माणसं गेली, आणि चौकीतला पहारेकरी जागा सोडून पळताना मेला. बंडखोर म्हणे, आम्ही सत्तर मारले, पार आत शिरलो, आणि फाटक त्या पहारेकऱ्यानेच उघडून दिलं. आकडा जुळेना, वेळ जुळेना, काही म्हणजे काही जुळेना. एवढ्या एकाच गोष्टीवर दोघांचं गूळपीठ होतं, की पहारेकरी नालायक. मेलेला माणूस, तो कशाला उलटून बोलतोय!

छावणीच्या फाटकाशी दगड उभा राहिला. त्यावर बारा नावं कोरली. पहारेकऱ्याचं नाव नव्हतं.

त्याची बायको आमच्याच गल्लीत बालवर्ग चालवते. सगळे तिला बाई म्हणतात. बावीस मुलं होती, सहा महिन्यांत नऊ उरली. त्यांनी कुणापुढे रडगाणं गायलं नाही, फक्त दर महिन्याला त्या छावणीत अर्ज द्यायच्या: माझ्या नवऱ्याचं नाव दगडावर घाला. दर महिन्याला उत्तर यायचं, पुरावा नाही.

आता खरं सांगायचं तर पुरावा आमच्या माळ्यावर होता, आणि मामाला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याने काच जुळवली होती ना! पण दीड वर्ष तो तोंडात मिठाची गुळणी धरून बसला. मला चौकशीची भीती, मला दोन्हीकडची भीती, एवढंच म्हणायचा. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग कुणीतरी बाईंच्या खिडकीवर दगड मारला. मामा जाऊन काच बसवून आला. महिनाभराने परत दगड, परत काच. तिसऱ्यांदा बोलावणंच आलं नाही. बाईंनी खिडकीला पुठ्ठा ठोकला होता. मामा आपणहून गेला, तुकडे मागितले. बाईंनी आपल्या लहान मुलीच्या अंथरुणातून वेचलेले तुकडे एका डब्यात घालून दिले आणि म्हणाल्या, नवी नको, मामा, पुठ्ठा फुटत नाही.

तो घरी आला. जेवला नाही. सरळ शिडी लावली आणि माळ्यावरून ते खोकं काढलं.

पुढचे तीन दिवस दुकान बंद. मामाने तुकड्याला तुकडा चिकटवून अख्खी काच उभी केली. तिच्यात गोळ्यांची तीन भोकं होती. मी विचारलं, यातून काय कळणार? तर हा माणूस, ज्याला दोन वाक्यं सलग बोलायची धाप लागते, तो मला अर्धा तास समजावत बसला. गोळी जिथून शिरते तिथे भोक बारीक, जिथून बाहेर पडते तिथे बशीसारखं पसरट. मग आतली बाजू कुठली? लांबी बाहेरून लागते, आणि या काचेच्या कडेला जुनी लांबी अजून धरून होती. भोकं लांबीच्या अंगाला पसरट होती. म्हणजे गोळ्या चौकीतून बाहेर सुटल्या होत्या. त्याही कुंपणाकडे नव्हे, आतल्या आवाराकडे. पहारेकरी पळाला नव्हता, फितूरही नव्हता. बंडखोर आत आले होते आणि हा एकटा त्यांच्याशी लढत होता. एका काचेने दोन्ही कहाण्या खोट्या पाडल्या. दीड वर्ष मामा का गप्प होता, ते मला तेव्हा कळलं, आणि मी ओशाळले.

मामाने ती काच दुकानाच्या दर्शनी खिडकीत बसवली. चौकीतली बाजू दुकानाकडे, आवाराची रस्त्याकडे. वर पाटी नाही की खाली चिठ्ठी नाही. पण आमचं गाव चौकस, आणि मी विचारेल त्याला सांगत होते. लोक यायचे, आतून बोट लावायचे, बाहेर जाऊन बोट लावायचे आणि गप्प होऊन घरी जायचे. आठवड्यात शटरवर बंडखोरांची चिठ्ठी चिकटली, काच काढ नाहीतर बघून घेऊ. मामाने ती चिठ्ठी घडी करून डगडगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवली.

दोन दिवसांनी छावणीचे मोठे साहेब गाडी घेऊन आले. त्यांनीही काच काढायला सांगितली. मी शेजारीच उभी होते.

“काढणार आहेच, साहेब,” मामा म्हणाला. “फुटकी काच कोण ठेवतो? पण माप घ्यायचं राहिलंय.”

“कसलं माप?”

“दगडाचं. त्यावर अजून एक नाव मावतं का, ते बघायचंय.”

साहेबांनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं. मग आतून बोट लावलं. बाहेर गेले, लांबी चाचपली, बाहेरून बोट लावलं. गाडीत बसताना त्यांनी मामाला नमस्कार केला.

पाच आठवड्यांनी दगडावर तेरावं नाव कोरलं गेलं. लष्कराचा अहवाल मात्र आजही तोच आहे, एक अक्षर बदललेलं नाही: शत्रू कुंपणाच्या आत आलाच नाही. मग तेरावा माणूस आत कुणाशी लढला, हे विचारायचं नसतं. बंडखोरांचे सत्तरही सत्तरच आहेत. असोत बापडे.

इतके दिवस बाई आमच्या दुकानाकडे फिरकल्या नव्हत्या. समोरून जायची वेळ आली तर वळसा घालून जायच्या. नाव लागलं त्या दुपारी वर्ग सुटल्यावर त्या दुकानात आल्या आणि आतल्या बाजूने काचेसमोर उभ्या राहिल्या. वरचं भोक त्यांच्या डोळ्यांच्या जरा वर होतं, दुसरं कमरेशी, तिसरं पार खाली.

“यातली आधीची कुठली, कळतं का हो, मामा?”

मामाने माझ्याकडे पाहिलं. हे त्याने मलाही सांगितलं नव्हतं. मग खालमानेने म्हणाला, “कळतं. नंतरच्या गोळीची चीर आधीच्या चिरेशी थांबते, तिला ओलांडत नाही.” त्याने वरच्या भोकावर बोट ठेवलं, मग मधल्या, मग खालच्या.

बाई पदर सावरून गुडघ्यांवर बसल्या, मग आणखी वाकल्या आणि खालच्या भोकाला डोळा लावला. तिथून रस्ता दिसतो, समोरची भिंत दिसते.

“पडतानासुद्धा समोरच बघत होते,” त्या म्हणाल्या.

मामाने माझ्या हातातला लांबीचा गोळा काढून घेतला, मला बाहेर यायची खूण केली आणि दुकानाचं दार हळूच ओढून घेतलं. आम्ही दोघं पायरीवर बसून राहिलो. एक गिऱ्हाईक आलं, त्याला मी उद्या यायला सांगितलं.