फाटक्या कानाची गाय

साताऱ्याच्या स्टेशनावर उतरले तेव्हा सकाळचं कोवळं ऊन नुकतंच लांबवरच्या अजिंक्यताऱ्यावर चढलं होतं. नागपूरहून निघून रात्र गाडीत काढलेली, त्यामुळे अंग आंबलेलं. बाहेर भाड्याच्या गाडीला टेकून सलीमभाई उभे होते. हे विट्याचे. पुढचे काही दिवस मला साताऱ्यातून सांगलीपर्यंत फिरवायचं काम त्यांच्याकडे होतं. "बाई, आधी नाष्टा करा. फुडं ऊन लय हाय," ते म्हणाले.

आमची कंपनी पनीर आणि चीज बनवते. नवा कारखाना पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या खेड्यात काढायचा विचार चालला होता. जाहिरात दिल्यावर बऱ्याच गावांनी बोलावणं धाडलं, त्यातली दोन निवडून पाहणीसाठी मला पाठवलं. एक माण तालुक्यातलं, दुसरं कवठे महांकाळच्या बाजूचं. दोन्ही गावांच्या वतीने बोलणारा माणूस एकच होता, धैर्यशीलराव. खेड्यात उद्योग आणून देणं हाच त्यांचा धंदा. फोनवर ते इतकं गोड बोलत की मला दोन्ही गावं न बघताच आवडली होती.

सातारा म्हणजे ऊस आणि हिरवळ, अशी आपली नागपूरकरांची समजूत. कोरेगावपर्यंत ती टिकली. पुसेगाव मागे पडलं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा हिरवा रंग कुणीतरी ओल्या फडक्याने पुसून घ्यावा तसा गेला. उघडे डोंगर, त्यांच्या माथ्यावर पवनचक्क्या, खाली खडकाळ माळ आणि माळावर मेंढरं. मार्च अजून सरला नव्हता, तरी विहिरींचे तळ दिसत होते. इथे दुधाचा कारखाना? मी सलीमभाईंकडे पाहिलं. 

म्हणूनच दहिवडीच्या पुढे त्या गावात शिरल्यावर मला पहिला धक्का बसला. वेशीवर तुतारी वाजली, बायकांनी ओवाळलं, आणि गावाच्या मागच्या अंगाला नव्या पत्र्याच्या गोठ्यात काळ्यापांढऱ्या धिप्पाड गायींची लांबच लांब दावण उभी होती. पुढ्यात हिरवा मका. कासा अशा भरलेल्या की गायींना पाय फाकून उभं राहावं लागत होतं. दुष्काळी मुलखात हे कसं जमलं, मला कळेना.

"जिद्द, मॅडम," धैर्यशीलराव म्हणाले. पांढराशुभ्र सदरा, गॉगल, बोलताना हात छातीवर. "या मातीत जिद्द आहे."

त्यांच्या शेजारी गावचे सरपंच होते. सगळे त्यांना सुभेदार म्हणत, कारण फौजेतून सुभेदार म्हणूनच निवृत्त झालेले. ताठ उभे राहत, मोजकं बोलत. मी गायींबद्दल काही विचारलं की ते धैर्यशीलरावांकडे बघत आणि उत्तर तिकडून येई.

दावणीच्या टोकाला एक गाय होती. कपाळावर पांढरा टिळा, डावा कान मधोमध फाटलेला. मी तिच्यापुढे उभी राहून फोटो काढत होते तोवर तिने माझ्या खांद्यावरच्या ओढणीचं टोक तोंडात घेतलं आणि निवांत चघळायला लागली. ओढायला गेले तर ती सोडेना. शेवटी सुभेदारांच्या बायकोने, शालनताईंनी, तिच्या गालावर चापट मारून ओढणी सोडवली. "मैने, सोड की! पाव्हणी हाय ती," त्या म्हणाल्या आणि का कोण जाणे, एकदम गप्प झाल्या.

दुपारचं जेवण त्यांच्याच घरी झालं. बाजरीची भाकरी, ठेचा आणि हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाची पातळ, गरम कांजी). एवढ्या उन्हात गरम माडगं कसं प्यायचं म्हणून मी बिचकत होते, पण पहिल्या घोटालाच घाम फुटला आणि अंग हलकं झालं. मग चहा आला. त्याला वेगळाच वास होता.

"शेळीच्या दुधाचा हाय," शालनताई म्हणाल्या. "चालंल न्हवं?"

गावात एवढी गायींची दावण आणि घरात शेळीचा चहा. मी तेव्हा हसून प्यायले. पुढचं विचारायचं सुचलंच नाही.

घरात फोटो होते मुलाचे. मुंबईला गोदीत कामाला. सून आणि नातवंडंही तिकडेच. "गावात तरणा माणूस दावा आन बक्षीस न्या," शालनताई म्हणाल्या. "कारखाना झाला तर चार पोरं माघारी येत्याल. आमचाबी यील."

निघताना सुभेदारांनी मला चक्क सॅल्यूट ठोकला. मला भरून आलं. गाडीत बसल्या बसल्या मी मनाशी ठरवून टाकलं की कारखाना इथेच.

त्या दिवशीचा मुक्काम विट्याला होता. सकाळी तासगाव सोडल्यावर द्राक्षबागा लागल्या. माल उतरून गेलेला, मांडवांवर नुसती पानं. जागोजाग उघड्या शेडमध्ये जाळ्यांवर बेदाणा वाळत घातलेला. एका ठिकाणी गाडी पंक्चर झाली तर शेडवरच्या बायकांनी माझी ओंजळ बेदाण्यांनी भरली. इतका गोड बेदाणा मी पूर्वी खाल्ला नव्हता, आणि तोंडात तो असतानाच आम्ही कवठे महांकाळजवळच्या दुसऱ्या गावात पोचलो.

पुन्हा तुतारी, पुन्हा आरती. पुन्हा धैर्यशीलराव, सदरा तसाच पांढराशुभ्र. इथला गोठा चिंचेच्या झाडांखाली होता, शाकारलेला. तशीच लांब दावण, तसाच मका.

मी दावणीपुढून चालत निघाले. गायी माना खाली घालून उभ्या होत्या, पुढ्यातल्या चाऱ्याला कुणी तोंड लावत नव्हतं. मधेच माझी ओढणी मागे खेचली गेली.

वळून बघितलं. कपाळावर पांढरा टिळा. डावा कान मधोमध फाटलेला.

मला काही क्षण काहीच कळलं नाही. सारख्या दिसणाऱ्या गायी असतात, मी स्वतःला सांगितलं. पण फाटलेले कानही सारखे असतात?  शेजारची गाय बघितली, तिच्या पलीकडची बघितली. सलीमभाई माझ्या जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, ही कालचीच हाय. समदी कालचीच हायती."

"मैना?" मी म्हणाले.

गायीने कान टवकारले. पण मान वर करताना ती थरथरत होती. तोंडातून फेस गळत होता. कास दगडासारखी फुगून लाल झालेली, सडांतून आपोआप थेंब पडत होते. मी हात लावायला वाकले तेवढ्यात तिचे पुढचे पाय दुमडले आणि ती धप्पकन खाली बसली. मग एका कुशीवर कलंडली.

तुतारीवाला वाजवायचा थांबला. आरतीची ताटं घेतलेल्या बायका मागे सरल्या.

"काही नाही, मॅडम, उन्हाने आळसावली," धैर्यशीलराव म्हणाले. "आपण सभेकडे जाऊ या."

"ही काल माणमध्ये होती," मी म्हणाले. 

त्यांनी गॉगल काढला. पहिल्यांदाच त्यांचे डोळे दिसले. त्यांत लाज नव्हती, नुसती घाई होती. "मॅडम, नवरी दाखवताना मागून आणलेला दागिना घालतातच की," ते म्हणाले. "कारखाना येऊ द्या, गायी आपोआप येतील. तुमच्याच कंपनीची अट ना, आधी दूध दाखवा?"

जमलेल्या गावकऱ्यांत कुजबुज सुरू झाली. त्यांना वाटत होतं, या गायी कंपनीच गावाला देणार आहे. तसं त्यांना सांगितलं होतं. एक म्हातारे बागायतदार पुढे आले आणि धैर्यशीलरावांना म्हणाले, "म्हंजी, आमालाबी फसीवलंस व्हय रं?" त्यांनी गॉगल पुन्हा चढवला.

मी सुभेदारांना फोन लावला. मला ओरडायचं होतं. पण "मैना इथे पडली आहे," एवढंच तोंडून निघालं.  फोनमध्ये मागून शालनताईंचा आवाज आला, "कुठं हाय? कुठं हाय ती?" मी गावाचं नाव सांगितलं आणि फोन बंद झाला.

गुरांचे डॉक्टर तालुक्याहून आले. त्यांनी मानेखालच्या शिरेत सुई घालून बाटली लावली. गाय नुकती व्यालेली, म्हणाले, आणि रात्रभर उपाशीतापाशी ट्रकमध्ये उभी. अंगातलं कॅल्शियम पार उतरलं आहे. कास मोठी दिसावी म्हणून धार काढलेलीच नाही. "वासरू कुठं आहे हिचं?" त्यांनी विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. गावातल्या दोन बायांनी ताटं खाली ठेवली, पदर खोचले आणि पडलेल्या गायीची धार काढायला बसल्या. पण ती पान्हा सोडेना. आम्ही पोती भिजवून तिच्या अंगावर टाकत राहिलो. बाकीच्या गायींना लोकांनी घागरींनी पाणी पाजलं. सभेचा मांडव रिकामाच राहिला. या गडबडीत धैर्यशीलराव आपल्या गाडीत बसून कधी निघून गेले, आम्हाला कळलं नाही.

बाटली संपली तशी मैना मान धरून बसती झाली. पण उठेना. उन्हं कलली तेव्हा एक छोटा टेम्पो धुरळा उडवत आला. मागच्या हौद्यात शालनताई बसल्या होत्या, मांडीवर पोत्यात गुंडाळलेली कालवड (गायीचं मादी वासरू) घेऊन. पुढून सुभेदार उतरले.

कालवडीने हंबरडा फोडला.

मैनाने मान झटकन वळवली. मग मागचे पाय उचलले, तोल गेला, पुन्हा उचलले. डॉक्टरांनी शेपटीकडून आधार दिला, सलीमभाईंनी खांदा लावला, आणि ती उभी राहिली. कालवड कासेला भिडली. दूध नुसतं वाहायला लागलं. शालनताई तिच्या गळ्यात पडून मोठ्याने रडल्या, आणि तिथे उभ्या असलेल्या कुणाचेही डोळे कोरडे राहिले नाहीत.

मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "सांगा की आता! त्वांड का शिवलंय?"

सुभेदार माझ्यासमोर ताठ उभे राहिले. "मॅडम, गावात गाय एकच हाय. ही, आमची. बाकी समदी त्यानं आणल्याली. आमच्यात शेरडं हायत, मेंढरं हायत. मैनाची धार काढू नका म्हनला, वासरू लपवा म्हनला, आमी ऐकलं. रातीला डागदरकडं दावून आणतो म्हणून ट्रकात चढीवली, तवाबी म्या इच्यारलं न्हाई." त्यांची नजर मैनाकडे गेली. "फौजेत उभ्या जन्मात खोटी रिपोर्ट दिली न्हाई. काल तुमाला सॅल्यूट मारला आन रातभर झोप आली न्हाई."

मला रागवायचं होतं. काल मला भरून आणणारा तो सॅल्यूट खोट्या गोठ्यासमोरचा होता, या धक्क्यातून मी सावरलेच नव्हते.

शालनताईंना तेवढा वेळ नव्हता. "यांचं चुकलंच," त्या म्हणाल्या. "पर बाई, तुमाला एक इच्यारू? दूध असंल तितंच कारखाना द्यायचा, तर मग आमच्याकडं का आलासा? दूध असतं तर पोरं मुंबईला कशाला गेली असती?"

ती अट आमच्याच जाहिरातीत होती. 

परतीच्या वाटेवर आमची गाडी टेम्पोच्या मागे मागे विट्यापर्यंत होती. हौद्यात मैना उभी, तिच्या पोटाखाली कालवड, आणि शालनताई कठड्याला धरून तिच्या पुढ्यात मक्याची कणसं धरत होत्या. फाटा आला तेव्हा टेम्पो वळला. सुभेदारांनी खिडकीतून हात बाहेर काढला. सॅल्यूट नव्हता, साधा हात हलवला. मला तो जास्त आवडला.

नागपूरला परतल्यावर मी साहेबांना सगळं सांगितलं. "गायी किती म्हणालात?" त्यांनी विचारलं. "एक," मी म्हणाले. ते आधी हसले, मग माझा चेहरा बघून थांबले. कारखाना त्या दोन्ही गावांना मिळाला नाही. धरणाचं पाणी मिळणाऱ्या दुसऱ्याच एका गावाला गेला. माझ्याने ते टळलं नाही. पण आधी दूध दाखवायची ती अट पुढच्या जाहिरातीतून काढावी म्हणून मी बैठकीमागून बैठकीत हटून बसले. शेवटी ती निघाली. त्या जागी आता गावाला एवढंच विचारलेलं असतं, तुमच्याकडे जे खरंच आहे ते कळवा.

हे सांगायला मी सुभेदारांना फोन केला. शेळीच्या दुधाचं चीज बनवता येतं, त्यासाठी छोटा कारखाना पुरतो, हेही सांगितलं. होईलच असं मात्र म्हणाले नाही. 

"खरं कळवायचं?" त्यांनी विचारलं. "मग शेरडं हायत. पाणी न्हाई. बायका खमक्या हायत. एवढं लिवलं तर चालंल?"

"चालेल," मी म्हणाले.

मागून शालनताई ओरडल्या, "आन गाय एकच हाय म्हणावं! ती कुणाला द्याची न्हाई!"