लेकीला उशिरा भेटलेली आई

पुण्याहून भोपाळच्या टाउनशिपमध्ये आलो तेव्हा मुलगी पहिलीत होती. हे कारखान्यात इंजिनिअर, क्वार्टर ऐसपैस, मागच्या अंगणात पेरूचं झाड. तक्रार करावी असं काहीच नव्हतं, म्हणून मला काय होतंय ते कुणाला सांगताही येत नव्हतं.

सकाळी भोंगा झाला की हे निघायचे, मग मुलीची बस यायची. दार लावून मी पुन्हा अंथरुणात. झोप नाहीच, नुसती पडून. दुपारी मुलगी घरी यायची तेव्हाही खोलीतले पडदे ओढलेलेच असायचे. सकाळी करून ठेवलेलं ती स्वतःच वाढून घ्यायची आणि माझ्या पायाशी बसून, आवाज न करता जेवायची. यांचं दुपारचं जेवण कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये, रात्री मी 'नंतर जेवते' म्हणायचे, त्यामुळे मी काय खाते हे कुणी पाहत नव्हतं. चहा आणि टोस्ट, एवढंच. यांना वाटायचं, माझा स्वभावच तसा. सुट्टीत माहेरी नेऊन आणायचे. परत आलं की तेच.

अशी तिची सगळी शाळा संपली. ती शिकायला पुण्याला गेली आणि त्यानंतर काही दिवसांनी मी ओट्याशीच चक्कर येऊन पडले. हे मला दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि विचारलं, "आज क्या खाया?"

मला आठवेना.

"और कल?"

मी यांच्याकडे पाहिलं. हे खाली बघत होते.

बाई बराच वेळ बोलल्या. हा आजार आहे, स्वभाव नाही, असं मला पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं. गोळ्या दिल्या, आणि म्हणाल्या, "दवाई अपना काम करेगी. लेकिन दोनों वक़्त बैठकर खाना, और रोज़ घर से निकलकर चलना, यह आपको करना है."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या भाभी कॅनव्हासचे बूट घालून दारात हजर. यांनीच सांगितलं असणार. "चलो भाभीजी, मुझे भी घुटनों के लिए चलना है." पहिल्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि पाय लटपटायला लागले. भाभींनी हात धरून परत आणलं, वाटभर आपल्या नणंदेच्या तक्रारी सांगत राहिल्या. हे दुपारी स्कूटरवरून घरी जेवायला येऊ लागले. मुगाची उसळ स्वतः करायचे, मीठ हमखास जास्त. समोर बसून म्हणायचे, "अजून थोडी घे."

एकदम काही बदललं नाही. पाऊलच उचलवत नाही असे दिवस खूप होते. पण एका सकाळी फिरून येताना मला कडकडून भूक लागली. भूक कशी असते हेच मी विसरले होते. त्या दिवशी भरपूर दाणे घालून पोहे केले आणि कढईजवळच उभी राहून खाल्ले. मग डॉक्टरीणबाई आठवल्या आणि पाटावर बसले.

दिवाळीत मुलगी आली. मी बुटाच्या नाड्या बांधत होते, ती तोंडात ब्रश धरून बघत राहिली.

"कुठे निघालीस?"

"फिरायला. येतेस?"

आली. वाटेत भाभींनी काहीतरी सांगितलं आणि मी मोठ्याने हसले. मुलगी चालता चालता थांबली. भाभी पुढे गेल्या. आम्ही दोघी मैदानाच्या कडेला बाकावर बसलो.

"आई, तू अशी आहेस हे मला माहीतच नव्हतं," ती म्हणाली. आणि मग, "मला वाटायचं, मी काहीतरी केलंय म्हणून तू पडून असतेस. पहिला नंबर आला की उठशील, असंही वाटायचं."

तिचा पहिला नंबर दोनदा आला होता.

"आजार होता गं. तुझं काही नव्हतं त्यात," मी म्हटलं.

"कळतं आता," ती म्हणाली आणि बाही डोळ्यांना लावली.

तिला आता कळून काय उपयोग? सात-आठ वर्षांच्या पोरीला हे सांगायला हवं होतं, आणि तेव्हा ते मलाच ठाऊक नव्हतं. 'आज काय खाल्लं' हा साधा प्रश्न एखाद्या डॉक्टरने आधीच विचारला असता तर! हा विचार मनातून जात नाही.

हे रिटायर झाले, आम्ही भोपाळमध्येच, अवधपुरीत फ्लॅट घेतला. माझं चालणं सुरू आहे. मधूनच जुने दिवस डोकं वर काढतात, तेव्हाही मी बूट घालते. मुलगी पुण्यात नोकरी करते, वर्षातून एकदोनदा येते. ती असली की मी तिला वाढते, तिचे केस विंचरू पाहते. ती हसून म्हणते, "पुरे आई, मी मोठी झालेय."

खरंच झाली आहे.