नदीत दोरा सोडायचा नाही

लॅबमामांना पाकिटावर छापलेल्या आकड्याचा राग यायचा. साधासुधा नव्हे, तळपायाची आग मस्तकात जायची. मासेमारीच्या दोऱ्याचं नवं रीळ हातात आलं की त्यावरचा 'वीस किलो' हा आकडा ते आधी मोठ्यानं वाचायचे आणि म्हणायचे, "बगू की, किती खरं बोलतंय बेणं." मग आमच्या फिजिक्सच्या लॅबमधल्या लोखंडी स्टँडला हातभर दोरा बांधायचा, त्याला बादली टांगायची आणि मुठीमुठीनं वाळू टाकत राहायचं. दोरा तुटून बादली खालच्या पोत्यावर धपकन पडली की ती काट्यावर चढवायची. चौदा किलो! "वीस म्हणं. ह्येंच्या आयला ह्येंच्या," असं म्हणून मामा ते पाकीट टराटरा फाडायचे. पैसे माझे, रीळ माझं, आणि फाडणारे हे.

इस्लामपूरच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात ते लॅब अटेंडंट होते. मी तिथं फिजिक्स शिकवतो. पोरांना फळ्यावर ताणबल शिकवणारा एम.एस्सी. माणूस, पण कुठला दोरा किती ताण घेईल ते मला या सातवी पास माणसानं शिकवलं, आणि त्याची लाज वाटायचं मला काही कारण नाही. लाज वाटायला दुसरी कारणं आहेत. ती येतीलच पुढं.

झालं होतं असं की, मोबाईलवर अमेरिकेतल्या बास माशाच्या शिकारीचे व्हिडिओ बघून बघून माझं डोकं फिरलं. ती चकचकीत होडी, ते रंगीत दोरे, तो जबडा धरून उचललेला हिरवा मासा. मी ऑनलाइन रॉड मागवला, रीळ मागवलं आणि पार्सल स्टाफरूममध्ये उघडलं. मामा चहा घेऊन आले होते. त्यांनी व्हिडिओ बघितला. "ह्यो बास म्हंजी काय लय मोठा राजा लागून गेला व्हय? आवं सर, ह्यो आपल्या मरळीचाच भाऊ. गवतात दबा धरून बसायचं आन् तोंडापुढं आलं की गपकन गिळायचं. बोरगावच्या बाजूला या रविवारी. पर ह्यो दोरा आणू नका."

नदीवर गेल्यावर कळलं की कॉलेजात मी वर्गात आलो की उठून उभे राहणारे मामा वेगळे आणि कृष्णेच्या काठावरचे मामा वेगळे. 'सर' म्हणणं तेवढं सुटायचं नाही. "सर, अक्कल गहाण टाकलीया का?" "सर, म्हशीला बांदताय का माशाला?" "सर, गाठ आवळायच्या आदी थुंकी लावा की, दातखिळी बसलीया व्हय?" अशा आदरयुक्त शिव्या मी जन्मात कुणाच्या खाल्ल्या नाहीत. कोरडी गाठ आवळली की दोरा घासून तापतो आणि तिथंच कच्चा होतो, हे त्यांनी मला शिव्यांमधूनच शिकवलं.

दोरा निवडायचं त्यांचं शास्त्र सरळ होतं. हा विणलेला दोरा, ज्याला सगळे ब्रेड म्हणतात, बारीक असून चिवट असतो आणि ताणला जात नाही, त्यामुळं माशानं नुसतं हुंगलं तरी बोटाला कळतं. पण तो पाण्यात दिसतो, आणि दगडाला घासला की सुतासारखा पिंजतो. म्हणून गळाजवळचा शेवटचा तुकडा पारदर्शक तंगुसाचा, म्हणजे एकेरी नायलॉनचा लावायचा. तो लीडर. जलपर्णीत मरळ धरायची तर ब्रेड जाड आणि लीडर वीतभर. हिवाळ्यात पाणी नितळ झालं की ब्रेड बारीक आणि लीडर माणसाच्या उंचीएवढा. हे सगळं बदलेल, पण एक गोष्ट बदलायची नाही. लीडर नेहमी दोऱ्यापेक्षा कच्चा. "तुटायचंच आसंल तर गळाजवळ तुटावं," मामा म्हणायचे. "मासा गळ घिऊन गेला तर चार दिसात झटकून टाकील. पन्नास हात दोरा घिऊन गेला तर मुळीत आडकून मरंल. आन् दोरा तितंच."

दोऱ्याचा रंग कुठला घेऊ, असं विचारलं तर म्हणायचे, "तुमाला दिसंल त्यो. माशासाठी लीडर हाय, दोरा तुमच्या डोळ्यासाठी." एवढी साधी गोष्ट त्या अमेरिकेतल्या पठ्ठ्यानं वीस मिनिटांच्या व्हिडिओत सांगितली नव्हती.

एकदा ते माझ्याबरोबर सांगलीला दोऱ्याच्या दुकानात आले, ते पिशवीत लॅबचा स्प्रिंगचा काटा घालूनच. दुकानदारानं कौतुकानं रीळ पुढं केलं. मामांनी हातभर दोरा सोडवला, काट्याच्या हुकाला बांधला आणि पाच गिऱ्हाइकांच्या देखत ओढून तटकन तोडला. "मामा, कंपनीचा माल आहे हा!" दुकानदार ओरडला. मामा त्याच्यावर दुप्पट ओरडले, "कंपनी आली हुती का नदीवर? मासा काय कंपनीचं नाव वाचून वडतोय व्हय रं?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या दिवशी दुकानदारानं मुकाट्यानं आतला, जुना, खरा माल काढून दिला.

त्यांच्या शर्टाच्या खिशात दोऱ्याचे तुकडे कोंबलेले असायचे. काठावर कुणी टाकलेला दिसला की उचलायचे, टाकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे आणि घरी जाऊन चुलीत घालायचे. एकदा बाभळीला एक पाणकावळा उलटा लटकलेला सापडला, पंखाला दोरा गुंडाळून वाळून गेलेला. मामांनी तो सोडवला आणि पुरला. परत आल्यावर गाडीतून उतरताना म्हणाले, "तुमी-आमी कुजून जाऊ सर. ह्यो दोरा कुजत न्हाई. नदीत दोरा सोडायचा न्हाई."

आता माझं ऐका.

त्या हिवाळ्यात माझे लागोपाठ तीन मोठे मासे लीडर तोडून गेले. मामा म्हणायचे, "जाऊ द्या, हात हलका करा, रीळ सैल ठेवा." पण मला धीर कुठला! मला फोटो पाहिजे होता. आमच्या शिकारीच्या ग्रुपवर कुणीतरी सांगितलं, लीडर जाड लावा, बघा कसा तुटतो ते. झालं. मी घरी गुपचूप बसून बारा किलोच्या ब्रेडला तीस किलोचा लीडर बांधला. फिजिक्सचा मास्तर! साखळीची कच्ची कडी कुठं तुटते हे पोरांना शिकवणारा! आणि मामांना दिसू नये म्हणून गाठ रिळात गुंडाळून घेतली.

प्रॅक्टिकल परीक्षेचा पहिला दिवस होता. आठला बाहेरचे परीक्षक येणार होते. तरी मी मामांना पहाटे नदीवर घेऊन गेलो, म्हटलं तासभर. उजाडता उजाडता मासा लागला. काय होता ते आजतागायत मला माहीत नाही. रॉड वाकला, रीळ किंचाळलं, मी हट्टानं रिळाचा ब्रेक आवळला आणि दोरा तुटला. लीडर कसला तुटतोय! रिळाच्या तोंडापाशी तुटला आणि सत्तर-ऐंशी हात ब्रेड पाण्यात गेला.

मामांनी रिळावरचं टोक हातात घेऊन बघितलं. "लीडर किती किलोचा हुता?"

"नेहमीचाच," मी म्हणालो.

त्या घाटावर म्हशी उतरतात, बायका धुणं धुतात. मामांनी शिशाच्या वजनाला तीन गळ बांधले आणि फेकून फेकून नदीचा तळ विंचरायला लागले. मी घड्याळ बघत होतो. अर्ध्या तासानं दोरा गळाला लागला. त्यांनी टोक बाहेर ओढलं, थोडा दोरा आला आणि मग खाली कुठंतरी घट्ट अडकला. हातात यावा म्हणून मामांनी बोटांभोवती दोन वेढे घेतले आणि मला म्हणाले, "सर, एक दांडकं आणा. दांडक्याला गुंडाळू." ब्रेड हाताला गुंडाळून कधी ओढू नये, हे त्यांनीच मला हजारदा सांगितलं होतं. ते ओढत नव्हतेच. ते दांडक्यासाठी थांबले होते.

दांडकं दहा पावलांवर होतं. मी गेलो नाही. "मामा, साडेसात वाजले!" असं म्हणून मी त्यांच्या मागं लोंबणारा दोरा पकडला. ते "थांबा सर!" म्हणाले. मी ऐकलं ते. स्पष्ट ऐकलं. आणि सगळा जोर लावून हिसका दिला.

दोरा सुटून आला. मामांच्या हातातून आरपार आला म्हणायला हरकत नाही.

रक्त बघून मी धोतऱ्याच्या झुडपात ओकलो. आणि हा माणूस हाताला गमछा आवळून मला काय म्हणतो? "आदी दोरा गुंडाळा." मी सगळा दोरा गुंडाळेपर्यंत ते जागचे हलले नाहीत. मग मी त्यांना इस्लामपुरात डॉक्टरकडं नेलं, मामींना बोलावून घेतलं आणि परीक्षेला निघून गेलो. हो, गेलो. बाहेरच्या परीक्षकांना हसून नमस्कारही केला.

सांगलीला ऑपरेशन झालं. उजव्या हाताची दोन बोटं वाकवणाऱ्या नसा तुटल्या होत्या. जोडल्या, पण बोटं काठीसारखी ताठ राहिली. डोळे मिटून गाठ मारणाऱ्या माणसाला शर्टाचं बटण लावता येईना.

चौथ्या दिवशी ते बँडेज बांधून कामावर आले तेव्हा मी प्राचार्यांच्या केबिनमध्येच होतो. "काय झालं हो हाताला?" प्राचार्यांनी विचारलं.

"घरचा पत्रा लागला साहेब."

"ऐन प्रॅक्टिकलच्या दिवसांत पत्रे ठोकत बसलात? निवृत्तीला चार महिने राहिले म्हणून काहीही करायचं का? इथं मुलांचा खोळंबा झाला!"

"चुकलं साहेब," मामा म्हणाले.

मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. मास्तराची जात! दुसऱ्याच्या चुका तांबड्या शाईनं गोल करायच्या आणि आपली वेळ आली की दातखीळ.

मला वाटलं, बाहेर आल्यावर हा म्हातारा मला फाडून खाईल. खोट्या पाकिटावर भडकणारा, दुकानदाराला भर दुकानात झापणारा माणूस! मी वाट बघत राहिलो. डोंबल! उलट ते माझ्याशी गोड बोलायला लागले. "बसा सर." "च्या घेणार का सर?" नदीवर ते परत आले नाहीत, आणि मी चुकीचं काही बोललो तरी "आसंल की" म्हणायचे. मे महिन्यात निरोप समारंभ झाला. सहकारी म्हणून चार शब्द बोलायला प्राचार्यांनी मलाच उभं केलं. मामांच्या सचोटीवर मी दहा मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या. शाल आणि नारळ मामांनी डाव्या हातानं घेतला. माझी मलाच किळस आली.

निवृत्तीनंतर ते साताऱ्याला मुलीकडं राहायला गेले. मी सहा महिने टाळलं, आणि मग एका रविवारी रागानंच गेलो. मामी चहा टाकायला आत गेल्या. मामा नेहमीसारखे म्हणाले, "कॉलेज काय म्हणतंय सर?" आणि माझा बांध फुटला.

"कॉलेज खड्ड्यात गेलं! मामा, एकदा तरी मला शिव्या घाला. आईमाई काढा. मुस्काटात हाणा. हे गोड बोलणं बंद करा, मला सहन होत नाही!"

मामांनी आतल्या दाराकडं बघितलं, मामी ऐकत नाहीत ना म्हणून. मग हळूच विचारलं, "लीडर किती किलोचा हुता?"

"तीस."

"मला तवाच ठावं हुतं."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"बोललो आसतो, तर तुमी त्याच दिशी सुटला आसता."

असं म्हणताना त्यांचा आवाज जराही चढला नाही. मी चहा न घेताच उठलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. ते हसले. "जाऊ द्या हो सर, झालं गेलं. आता कशाला उकरून काढता?" घरी बायकोला सांगितलं, तीही म्हणाली, मुद्दाम थोडंच केलंत. सगळे मला सोडायला एका पायावर तयार. त्यानंतर पाच महिन्यांनी मामा गेले, आणि जो एक माणूस मला सोडू शकला असता तोही गेला. इतका राग येतो त्यांचा, की अजूनही कृष्णेच्या पुलावरून जाताना मी गाडीच्या काचा वर करतो आणि त्या म्हाताऱ्याला तोंडाला येतील तेवढ्या शिव्या घालतो.