लिम अंकलची लख्ख चहादाणी

तीस वर्षांचा चहा मी एका रविवारी दुपारी लिंबू लावून धुऊन टाकला.

नव्वदच्या दशकात आम्ही सिंगापूरला, क्वीन्सटाउनच्या जुन्या फ्लॅटमध्ये राहायचो. मी तुआसच्या जहाजांच्या यार्डात मरीन इंजिनियर. शेजारी लिम अंकल, एकटेच. त्यांच्याकडे मुठीत मावेल एवढी चिनी चहादाणी होती. जांभळट मातीची, चाकावर न फिरवता, लाकडी थापीनं ठोकून हातानं घडवलेली. झाकणाच्या भोकावर बोट ठेवलं की तोटीतली धार जागच्या जागी थांबायची. (इतका चोख बसणारा व्हॉल्व्ह मी आमच्या यार्डात पाहिला नव्हता, आणि तिथले बरेचसे मीच बसवले होते.)

अंकल पंधरा दिवस लेकीकडे मलेशियाला निघाले आणि जाताना चहादाणी माझ्या हातात दिली.

"एव्हरी डे मेक टी. ओन्ली टी, हां."

मी मोठ्या तोंडानं हो म्हटलं. ते गेल्यावर आत डोकावलो तर काळपट थर! बॉयलरमधला थर खरवडण्यावर ज्याचं पोट चालतं, त्याला हे कसं बघवेल? लिंबू, मीठ, बाटलीचा ब्रश. तासाभरात चहादाणी आतून लख्ख.

"अहो, त्यांनी घासायला सांगितलं होतं का?" बायकोनं विचारलं.

"चांगलं काम करायला सांगावं लागतं?"

तेवढ्यात आमची लेक मनू खेळून आली. "बाबा, यू वॉश्ड इट? कॅनॉट वॉश, लाह. दॅट ब्राउन थिंग इज द टी."

तिच्या मैत्रिणीच्या आजोबांकडेही अशीच चहादाणी होती. ही माती चहा पिते, वर्षानुवर्षं तो आत मुरतो, आणि त्या थरालाच सगळी किंमत, हे मला दहा वर्षांच्या पोरीनं समजावलं.

पण थर काढता येतो, तर लावताही येईल, असा मी हिशेब केला. घरातला चहा घेतला. आपला, आलं-वेलची ठेचून, साखरेसकट! रोज तीनदा, तब्बल दोन आठवडे. रंग काही चढला नाही. वास मात्र चढला.

अंकल आले. झाकण उचलून त्यांनी वास घेतला, आतून बोट फिरवलं.

"माय वाइफ्स टी," ते म्हणाले. "थर्टी इयर्स."

बायको जाऊन त्यांना चार वर्षं झाली होती. मला रडू आलं. खरंच आलं.

"टुमॉरो फोर ओ'क्लॉक यू कम," अंकल म्हणाले. "वी स्टार्ट अगेन."

मग सुट्टीच्या प्रत्येक दुपारी मी जायचो. अंकल चहा ओतायचे, उरलेला चहादाणीच्या अंगावरून सोडायचे, मऊ फडक्यानं पुसायचे. मला फक्त प्यायची परवानगी होती. फारसं बोलणंही व्हायचं नाही. वडील गेल्यापासून इतका निवांत मी कुणाजवळ बसलो नव्हतो, आणि त्यानंतरही कधी बसलो नाही.

पाच वर्षांनी पुण्याला परतायची वेळ आली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा मी म्हणालो,

"अंकल, स्टिल ट्वेंटी फाइव्ह इयर्स बाकी."

अंकलनी माझ्या पाठीवर मायेनं हात ठेवला.

"डोन्ट वरी, लाह. यू गो, पॉट व्हेरी सेफ."